पंचवीस एकर: घरांना की यंत्रांना?

चंद्रपूरच्या माणसाशी डेटा सेंटरचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. “कोळसा आमचा, वीज आमची, धूर आणि राख आमच्या वाट्याला. मग नव्या जमान्याचे हे कारखाने मुंबई-पुण्यालाच का? आमच्या शहराबाहेर एखादं आलं तर काय बिघडलं?” प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी मोठ्यानं विचारत नाही: त्याला जागा कुठली देणार? विकास आराखड्यात घरांसाठी दाखवलेली पंचवीस एकर जमीन मागितली गेली तर नगरसेवकानं हात वर करावा की नाही? या प्रकरणात आपण अशी पंचवीस एकर मनात धरू आणि तिचा हिशेब पायरीपायरीनं मांडू.

१. ‘क्लाउड’ जमिनीवरच असतो

फोनमधला फोटो ‘क्लाउड’वर गेला असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो कुठल्यातरी इमारतीतल्या कपाटात ठेवलेल्या संगणकावर जातो. अशी हजारो कपाटं ओळीनं लावलेली इमारत म्हणजे डेटा सेंटर. दिसायला ते धानाच्या गोदामासारखं असतं. फरक असा की धानाचं पोतं गप्प पडून राहतं, तर इथलं प्रत्येक पोतं रात्रंदिवस काम करतं आणि तापतं. संगणकानं खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढून टाकली नाही तर यंत्रं बंद पडतात. म्हणून गार करण्याची यंत्रणा लागते. शिवाय वीज एक क्षणही जाऊन चालत नाही, म्हणून बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर लागतात.

मूल-सिंदेवाहीकडच्या राइस मिलबद्दल आपण “किती टनाची?” असं विचारतो, “किती एकरावर आहे?” असं नाही. डेटा सेंटरचं मापही एकरात नसतं, ते मेगावॅटमध्ये असतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण प्रस्तावात एकर ठळक लिहिलेले असतात, पण गावावर भार पडतो तो मेगावॅटचा.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. २०३० पर्यंत हा वापर दुपटीच्या पुढे जाईल असं ती संस्था सांगते. म्हणजे आज चंद्रपुरात प्रस्ताव नसला, तरी उद्या येणारच नाही असं धरून चालता येत नाही.

२. जमिनीचा रंग कोण ठरवतं

लोक दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात: एनए आणि झोन. एनए, म्हणजे अकृषिक वापर, हा महसूल खात्याचा विषय आहे. झोन हा नगररचनेचा विषय आहे आणि त्याचा पाया १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा.

जुन्या घराची आठवण करा. चूल कुठे, गोठा कुठे, न्हाणी कुठे, हे घर बांधतानाच ठरायचं. गोठ्याचा वास आणि माश्या चुलीकडे येऊ नयेत, न्हाणीचं पाणी सांदवाडीतल्या भाज्यांना जावं, असा त्यामागे विचार असे. विकास आराखडा म्हणजे शहरासाठी केलेला असाच विचार. नकाशावर निवासी पट्टा पिवळा असतो, औद्योगिक जांभळा, शेतीचा हिरवा. म्हणूनच जमिनीच्या व्यवहारात ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ हे शब्द रुळले आहेत.

हा रंग बदलता येतो. मंजूर आराखड्यातल्या किरकोळ बदलाला कायद्याच्या कलम ३७ चा ‘फेरबदल’ म्हणतात. महापालिका किंवा नगरपरिषद ठराव करते, राजपत्रात सूचना छापते, हरकती आणि सूचनांसाठी एक महिना देते, सुनावणी घेते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे पाठवते. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलेल इतका मोठा बदल या वाटेनं करता येत नाही. शहराच्या हद्दीबाहेर प्रादेशिक योजना लागू असेल, तर तिथला फेरबदल कलम २० खाली होतो.

मुळात रंग कशासाठी? उघड बाजारात जमीन जास्त पैसे देणाऱ्याकडे जाते. रंग ठरवला नाही, तर शहरात शाळेला, दवाखान्याला आणि गरिबाच्या घराला जागाच उरणार नाही. तेव्हा “आम्ही एकरी जास्त भाव देतो” हे झोन बदलाचं कारण होऊ शकत नाही. भावाचा तोच जोर अडवण्यासाठी तर रंग दिलेला असतो.

डोंबिवलीजवळची पलावा वसाहत मुळात घरांची म्हणून उभी राहिली. २०२४ च्या अखेरीस तिथली सुमारे ३८ एकर जमीन ॲमेझॉनच्या डेटा सेंटर कंपनीनं सुमारे ४५० कोटी रुपयांना घेतली. म्हणजे एकराला जवळपास बारा कोटी. दोन खोल्यांचं घर शोधणारं कुटुंब या भावापुढे बोलीतही उतरू शकत नाही.

३. चंद्रपूरची जमीन चिमटीत का आहे

बाहेरच्या माणसाला चंद्रपूर जिल्हा म्हणजे मोकळा मुलूख वाटतो. जंगल आहे, माळ आहे, जागाच जागा. पण शहराभोवती फिरून पाहिलं की मोकळी दिसणारी जमीन एकेक करून वजा होत जाते.

पहिली वजाबाकी पाण्याची. शहराला इरई आणि झरपट या नद्यांचा वेढा आहे. इरई पुढे वर्धा नदीला मिळते. वर्धेला पूर असला की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे वस्तीत पसरतं. जुलै २०२२ मध्ये रहमतनगरसारख्या सखल वस्त्यांनी हे भोगलं. नदीकाठी नकाशावर दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. दोन्हींच्या मधे बांधायचं तर अटी आहेत.

दुसरी वजाबाकी पायाखालची. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर हा सगळा कोळशाचा पट्टा. काही ठिकाणी कोळसा अजून काढायचा आहे, काही ठिकाणी काढून झाला आणि खाली पोकळी राहिली. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत खोल गेलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. अशा कुटुंबांना नवी जागा कुठे द्यायची, हाही शहराच्या पिवळ्या पट्ट्याचाच प्रश्न आहे.

तिसरी वजाबाकी वनाची. उत्तरेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, गाभा आणि बफर मिळून १,७०० चौरस किलोमीटरहून अधिक. वाघाला बफरची हद्द कळत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूर वीज केंद्राच्या परिसरातच वाघानं एका कामगाराचा बळी घेतला. म्हणजे त्या बाजूला वस्ती वाढवणं माणसाच्या आणि वाघाच्या, दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

या सगळ्यातून जे उरतं ते उंच, पक्क्या जमिनीचं, रस्त्याला लागून, पुराबाहेरचं. घर बांधणाऱ्याला अशीच जमीन हवी असते. डेटा सेंटरलाही नेमकी अशीच हवी असते, कारण कोट्यवधींची यंत्रं कुणी पुराच्या किंवा खचणाऱ्या जमिनीवर ठेवत नाही. इथे भांडण होतं ते जमीन थोडी आहे म्हणून नाही, तर सुरक्षित जमीन थोडी आहे म्हणून.

४. पाण्याचा हिशेब, आणि त्यातली एक अडचण

आपल्या पंचवीस एकरांवर, म्हणजे साधारण एक लाख चौरस मीटरवर, घरं झाली असं धरू. रस्ते, मोकळी जागा आणि सुविधांसाठी निम्मी जमीन सोडली, तर शंभर चौरस मीटरचे पाचशे भूखंड पडतात. प्रत्येकावर वर-खाली दोन कुटुंबं धरली तर हजार कुटुंबं. घरटी साडेचार माणसं म्हटलं तर साडेचार हजार लोक. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचं मानक धरतात. म्हणजे रोज सुमारे सहा लाख लिटर.

आता त्याच जागेवर १० मेगावॅटचं छोटं डेटा सेंटर. दिवसाचे २४ तास धरून यंत्रांनाच २ लाख ४० हजार युनिट वीज लागेल. पाणी उडवून गार करण्याची पद्धत असेल, तर एका युनिटामागे १.८ लिटर हा उद्योगात सरासरी म्हणून वापरला जाणारा आकडा आहे. गुणाकार केला की रोज ४ लाख ३२ हजार लिटर येतात.

म्हणजे घरांनाच जास्त पाणी लागलं! डेटा सेंटरला विरोध करणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये. हिशेब प्रामाणिक असेल तरच सुनावणीत टिकतो.

पण हिशेब इथे संपत नाही. घरात वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. ते शुद्ध करून दुसऱ्या कामाला देता येतं. नागपूरच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, ते असंच. डेटा सेंटर गार करणाऱ्या कूलिंग टॉवरमधलं बहुतेक पाणी मात्र वाफ होऊन उडून जातं. आणि पंचवीस एकरांत १० मेगावॅट ही सुरुवात झाली. इतक्या जागेत ५० मेगावॅट सहज बसतं. मग आकडा रोज साडेएकवीस लाख लिटरांवर, म्हणजे सोळा हजार माणसांच्या पाण्यावर जातो.

तिसरी गोष्ट ऋतूची. धानाच्या बांधीला पाणी लागतं ते पावसाळ्याच्या अखेरीस, तेव्हा बोडी भरलेली असते. डेटा सेंटरला सर्वांत जास्त पाणी लागतं मे महिन्यात. त्याच वेळी चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे असतो आणि धरण तळाला गेलेलं असतं. इरई धरणाचं पाणी शहर पितं आणि वीज केंद्रही वापरतं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण इतकं आटलं की वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. म्हणून वर्षाची सरासरी दाखवणाऱ्या प्रस्तावाला एकच गोष्ट विचारावी: मे महिन्याचा आकडा सांगा.

हवेनं गार करणारी यंत्रणा घेतली तर पाणी जवळपास सगळं वाचतं. पण बाहेर ४५ अंशांची हवा असताना तीच हवा वापरून आतली यंत्रं गार करायची तर वीज जास्त जळते. पाण्याचं ओझं विजेवर जातं, इतकंच.

५. वीज उशाला असून

एका घराला महिन्याला १०० युनिट लागतात असं धरा. वीजबिलाचा पहिला टप्पा तेवढाच असतो, म्हणून आकडा ओळखीचा आहे. हजार घरांना दिवसाला साधारण ३,३०० युनिट लागतील. १० मेगावॅटच्या डेटा सेंटरला २ लाख ४० हजार. बहात्तर पट! दुसऱ्या शब्दांत, ७२ हजार घरांची वीज. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजार होती, म्हणजे साधारण तितकीच घरं. एक छोटं डेटा सेंटर म्हणजे विजेच्या भाषेत शेजारी उभं राहिलेलं दुसरं चंद्रपूर.

“पण आमच्याकडे २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे ना?” आहे. पण वीज तयार होणं आणि वीज आपल्या फिडरवर मिळणं यात फरक आहे. धरण भरलेलं असलं तरी पाटचारीच्या तोंडाला जेवढं येतं तेवढंच शेतात पोहोचतं. विजेचंही तसंच: उपकेंद्राची आणि वाहिनीची ताकद ठरलेली असते. बोडीच्या तोंडाशी एकानं मोठा पंप लावला की खालच्या बांध्या कोरड्या राहतात, हे धान पिकवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

लंडनच्या पश्चिम भागात हे प्रत्यक्ष घडलं. २०२२ मध्ये हिलिंग्डन, ईलिंग आणि हाउन्स्लो या भागांतल्या बांधकाम व्यावसायिकांना सांगण्यात आलं की नव्या घरांच्या मोठ्या प्रकल्पांना पुरेशी वीजजोडणी मिळायला २०३५ सालही उजाडू शकतं. वाहिन्यांची उरलेली ताकद डेटा सेंटरांनी आधीच मागून ठेवली होती. घरांची जमीन घरांकडेच होती, रंग बदलला नव्हता, तरी घरं अडली. आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली. तिथल्या शहरांतल्या सगळ्या घरांचा वाटा १८ टक्के होता.

चंद्रपूरकरांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी आहे. क्षमता १,५०० मेगावॅट, १९९९ पासून सुरू. इथली वीज तारेवरून तिकडे पोहोचते. डेटा तर प्रकाशाच्या वेगानं काचेच्या तंतूतून जातो. मग डेटा सेंटरला खाणीशेजारी असण्याची गरजच काय? ती बहुतेक ऐरोली, महापे, पनवेलकडे उभी राहिली, कारण समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँका, शेअर बाजार तिथे आहेत. डेटा सेंटर आपली जागा निवडू शकतं. वीज केंद्रात, खाणीत, पेपर मिलमध्ये पाळीला जाणाऱ्या माणसाचं घर मात्र पडघ्याला बांधून चालत नाही.

६. रोजगार आणि कर

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जगातली सर्वांत जास्त डेटा सेंटरं आहेत. तिथल्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण समितीनं २०२४ मध्ये अहवाल दिला. अडीच लाख चौरस फुटांच्या डेटा सेंटरला बांधकामाच्या भरात दीड हजारापर्यंत कामगार लागतात. इमारत चालू झाली की सुमारे पन्नास. त्यातलेही निम्मे कंत्राटी. तिथल्या स्थानिक संस्थांना मात्र मालमत्ता करातून खरोखर मोठं उत्पन्न मिळतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना मुद्रांक शुल्क, वीज शुल्क अशा सवलती आहेत. त्यामुळे प्रकल्प किती कोटींचा आहे यावर जाऊ नये. सवलती वजा करून दरवर्षी किती रुपये महापालिकेच्या तिजोरीत पडतील आणि बांधकाम संपल्यावर चौथ्या वर्षी किती लोक हजेरीपटावर असतील, हे दोन आकडे लेखी मागावेत.

७. ताडाळी असताना

चंद्रपुरातच ताडाळीला औद्योगिक विकास महामंडळाचं क्षेत्र आहे. तिथे महामंडळच नियोजन प्राधिकरण असतं आणि जमीन आधीच उद्योगासाठी ठरलेली आहे. तिथे डेटा सेंटर आलं तर कुणाच्या घराची जागा जात नाही. पाण्याचा आणि विजेचा प्रश्न तिथेही उरतो, पण जमिनीचा सुटतो.

म्हणून माझं मत असं: घरांच्या पट्ट्यातली जमीन मागणाऱ्यावरच सिद्ध करण्याची जबाबदारी टाकावी. ताडाळी का नको? भाव जास्त आहे म्हणून की वाहिनी लांब पडते म्हणून? वाहिनी लांब असेल तर ती ओढण्याचा खर्च किती? हे कागदावर येईपर्यंत पिवळ्या जमिनीला हात लावू नये. हवेचाही विचार हवा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. अशा शहरात वस्तीला लागून डिझेल जनरेटरांची रांग उभी करायला परवानगी देताना हात थबकायला हवा.

८. गडचिरोलीत तराजू कुणाच्या हातात

वैनगंगा ओलांडली की प्रश्नाचं रूपच पालटतं. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा बहुतांश भाग वन आहे आणि मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो. इथे ‘पिवळा की जांभळा’ हा वाद गडचिरोली आणि देसाईगंजसारख्या शहरांपुरता. बाकी ठिकाणी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावरचे महसूल कायद्यातले निर्बंध आधी येतात.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये एक छोटी यादी आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याच्या टाक्या अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारा आहेत. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावांना आधी हवी असते ती हीच तार. यादीत घरं नव्हती. कुटुंब वाढलं, वेगळी चूल मांडायची तर जागा नाही, म्हणून लोक गाव सोडत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला आपला अधिकार वापरून अधिसूचना काढली. तेव्हापासून अनुसूचित क्षेत्रात गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठीही जागा देण्याची वाट खुली झाली.

डेटा सेंटर त्या यादीत कुठेच नाही. त्यासाठी वनजमीन वळती करायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. कायद्यानं इथे घर आणि कारखाना यांना एका ओळीत उभंच केलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. एकाचंही समाधान झालं नसेल तर विषय पुढच्या सभेत जातो. ठरवण्याआधी माहिती गोळा करायला गावाचे अभ्यासगट असतात. शहरातल्या सभागृहात ज्या ठरावाला काही मिनिटं लागतात, त्याला तिथे काही महिने लागू शकतात. पाणी आणि जमीन पिढ्यांसाठी जाणार असेल, तर काही महिने हा फार वेळ नव्हे.

९. एक महिना

अमेरिकेतल्या प्रिन्स विल्यम कौंटीत डिसेंबर २०२३ मध्ये दोन हजारांहून अधिक एकर जमिनीचा झोन डेटा सेंटरांसाठी बदलला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं तो बदल रद्दबातल ठरवला. कारण पाण्याचं किंवा विजेचं नव्हतं, सूचनेचं होतं. वर्तमानपत्रातली जाहीर सूचना कायद्यानुसार दिली गेली नव्हती.

कलम ३७ ची सूचनाही अशीच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते. त्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि ‘निवासी विभागातून औद्योगिक विभागात’ असे चार शब्द असतात. डेटा सेंटर हा शब्द असेलच असं नाही. गट क्रमांक ओळखीचा वाटला की महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहावा. हरकत एका पानाची पुरते, पण ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तिच्यात पाच गोष्टी मागाव्यात: मेगावॅट किती, पहिल्या टप्प्याचे आणि शेवटच्या टप्प्याचे, मे महिन्यात रोज किती पाणी आणि कुठून, कुठल्या उपकेंद्रातून वीज आणि त्यानंतर तिथे घरांसाठी किती उरते, ताडाळी का नको, आणि ही पिवळी जमीन गेली तर त्याऐवजी तितकीच पूररेषेबाहेरची, खाणीच्या पोकळीवर नसलेली जमीन घरांसाठी कुठे दाखवणार. सुनावणीला जाताना सोबत सातबारा, पूररेषेचा नकाशा आणि आपल्या वॉर्डात गेल्या मे महिन्यात किती टँकर आले त्याची नोंद न्यावी.